पऱ्हाटीचे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पऱ्हाटीच्या बाबतीत मात्र अशी मनाई कोणी घातलेली ऐकिवात नाही. म्हणून यंदाच्या दिवाळीत तिचे मूळ आणि कूळ दोन्ही शोधावयास निघालो आहे. वऱ्हाडात दिवाळी आणि कापूस यांची सांगड फार जुनी. दसऱ्याच्या आगेमागे बोंडे फुटू लागतात. वेचणीच्या पहिल्या दिवशी घरच्या बाया वावरात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवल्यावाचून बोंडाला हात लावीत नाहीत. त्या पहिल्या वेच्यातला मूठभर कापूस बाजूला ठेवावयाचा, सरकी काढावयाची, आणि घरातल्या म्हातारीने ओसरीवर बसून वाती वळावयाच्या. लक्ष्मीपूजनाच्या पणतीत जळते ती वात अशी घरच्या वावरातली असते.

मागच्या दिवाळीला मी पूर्णाकाठच्या, दर्यापूरकडच्या एका गावी गेलो होतो. हा सारा मुलूख खारपाणपट्टा. जमीन काळीभोर आणि खोल. पण विहिरीचे पाणी खारे, ओलिताला निरुपयोगी. जे पिकावयाचे ते पावसावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरचे आजोबा ऐंशीच्या पुढचे. वावर दाखवायला म्हणून मला घेऊन गेले. पऱ्हाटी चांगली छातीएवढी वाढलेली, बोंडे टपोरी. मी तोंडभर कौतुक केले. आजोबा म्हणाले, "हे पऱ्हाटी आपली नोय मास्तर. इलायती होय. आपली तं कवाचीच गेली."

मग त्यांनी मला धुऱ्यावर नेऊन चारपाच झाडे दाखवली. अंग बारीक, पाने हाताच्या बोटांसारखी खोल कातरलेली, बोंडे लहान आणि खाली मान घातलेली. "हे पाहा, हे होय आपली. वातीपुरती ठेवली."

आपली आणि इलायती! शब्द साधे, पण माझ्या मनात ते घर करून राहिले. बियाण्याची पिशवी विकत आणून जी पेरतो ती परकी, धुऱ्यावर जी वातीपुरती उरली ती आपली. हा हिशेब वऱ्हाडातला कोणताही शेतकरी असाच मांडील, आणि वरवर पाहता त्यात चूक काहीच नाही. परंतु गेल्या तीसचाळीस वर्षांत शास्त्रज्ञांनी कापसाच्या पेशीत शिरून जे वाचून काढले आहे, त्यावरून या दोघींचे नाते निराळेच निघते.

आधी आपल्या पऱ्हाटीची गोष्ट. एका काळी तिचे नाव साता समुद्रांपलीकडे गाजत होते, हे आजच्या पिढीला सांगूनही पटत नाही. आगगाडी येण्यापूर्वी उमरावतीचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. तांड्यामागून तांडे, आठवड्यामागून आठवडे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, पुढे मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचली, आणि मिर्झापूरची वाट ओस पडली. मधल्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेत उत्तर-दक्षिणेचे यादवी युद्ध पेटले होते. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि साऱ्या इंग्लंडची नजर आमच्या काळ्या जमिनीवर वळली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या मालाला 'ऊमराज' म्हणत. उमरावती या नावाची गोऱ्या दलालाच्या जिभेवर झालेली ती दशा! कापसासाठी म्हणून खामगावला फाटा काढला गेला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. एका व्हाइसरॉयाने खामगावची वाट धरावी, यावरून रुईचे वजन कळते. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा खास कायदा झाला. पुढे सगळ्या हिंदुस्थानात बाजार समित्या निघाल्या त्यांचे मूळ या कायद्यात आहे.

या ऊमराजमध्येही दोन जाती होत्या. एक 'बनी', दुसरी 'जरी'. बनीचा धागा लांब, मऊ, रेशमासारखा. पण सरकीच्या मानाने रुई कमी आणि पीक हळवे नव्हे. जरीचा धागा आखूड नि भरड, पण रुईचा उतारा अधिक. व्यापाऱ्याने दोन्हींचा भाव जवळजवळ सारखाच ठेवल्यावर शेतकऱ्याने काय करावे? त्याने जरी पेरली. सरकारी अधिकारी बनी टिकवण्यासाठी धडपडले, अहवालांमागून अहवाल लिहिले, पण अहवालाने बियाणे टिकत नाही. बनी मागे पडली. म्हणजे 'आपली गेली' हे गाऱ्हाणे आजोबांच्या पिढीचे पहिले नव्हे. त्यांच्या आजोबांनीही बनीसाठी ते केले असेल.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी या जातींना किती नावे द्यावीत! कोणी इंडिकम म्हटले, कोणी नेग्लेक्टम, कोणी रोझियम. पुढे या साऱ्या एकाच जातीच्या लेकी ठरल्या, आणि त्या जातीचे नाव गॉसिपियम आर्बोरियम. आर्बोरियम म्हणजे झाडासारखा. शेतातली पऱ्हाटी दर वर्षी उपटली जाते, तिला झाड कोण म्हणेल? पण देवळाच्या आवारात, तुळशीवृंदावनाशेजारी वर्षानुवर्षे उभा राहणारा देवकापूस आठवा, म्हणजे नाव पटते. जानव्याला आणि वातीला तोच लागे. जुन्या पुस्तकांत देवकापसाला हेच नाव दिलेले आढळते.

जगात माणसाने कापूस एकदा नव्हे, चार वेळा, चार निरनिराळ्या ठिकाणी माणसाळवला. आपल्याकडे आर्बोरियम, आफ्रिका-अरबस्तानच्या बाजूला हर्बेशियम, जो गुजराथेत आणि धारवाडकडे पिकतो, मेक्सिकोत हिर्सुटम, जो आज 'अमेरिकन' म्हणून आपल्या वावरात आहे, आणि पेरू देशात बार्बाडेन्स. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तेव्हा तिथल्या लोकांच्या अंगावर आणि झोळ्यांत कापूसच होता. एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी एकाच कुळातल्या चार झुडपांना चाती लावावी, हा मानवाच्या इतिहासातला मोठा चमत्कार आहे, आणि त्याची पुस्तकांत द्यावी तेवढी दखल दिली जात नाही.

आता खरी गंमत. आपल्या देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. म्हणूनच शेजारशेजारच्या वावरांत दोघी उभ्या असल्या तरी त्यांचा संकर आपोआप होत नाही. मुद्दाम केला तर होणारी संतती वांझ निघते. १९३४ साली स्कोव्हस्टेड नावाच्या संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली एक गोष्ट हेरली. अमेरिकन कापसाच्या ५२ गुणसूत्रांपैकी निम्मी मोठी आहेत, निम्मी लहान. मोठी आपल्या देशी कापसाच्या गुणसूत्रांशी जुळतात, आणि लहान ही अमेरिकेतल्या रानटी कपाशीशी. या रानटी कपाशीच्या सरकीवर सूत काढण्याजोगा धागाच नसतो. १९४० साली टेक्सासमध्ये बीस्ले याने प्रयोगच करून दाखवला. आपल्या आर्बोरियमचा आणि अमेरिकेतल्या एका रानटी कपाशीचा संकर केला, औषध घालून त्याची गुणसूत्रे दुप्पट केली. वांझ झाड फळले, आणि अमेरिकन कापसाशी त्याचा संकरही झाला. निसर्गाने एकदा केलेले लग्न माणसाने पुन्हा लावून पाहिले म्हणा ना!

पण मग प्रश्न उभा राहिला. जुन्या जगातला हा कापूस अमेरिकेत गेला कसा? मध्ये महासागर आहे. १९४७ साली हचिन्सन, सिलो आणि स्टीफन्स या तिघांनी कापसाच्या उत्क्रांतीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला हचिन्सन काही वर्षे आपल्या इंदूरच्या संशोधन संस्थेत काम करून गेलेला. त्यांनी तर्क केला की माणसानेच हे बियाणे पॅसिफिक ओलांडून नेले असावे. सूतकताईची आणि विणकामाची विद्याही बरोबर गेली असावी. तर्क मोठा मोहक होता. आपल्याकडच्या अभिमानी मंडळींना तर तो फार मानवण्याजोगा. आमच्या पूर्वजांच्या होड्या, आमची सरकी, आमचा चरखा! मला स्वतःलाही तरुणपणी हा तर्क वाचून अंगावर मूठभर मांस चढले होते, आणि एका कादंबरीचा आराखडाही मी त्यावर आखला होता. ती लिहिली गेली नाही हे बरे झाले. कारण पुढे डीएनए वाचता येऊ लागला, आणि होडीच बुडाली.

डीएनए वाचणे म्हणजे काय, हे मी वर्गात मुलांना पोथीच्या दाखल्याने सांगतो. आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, महानुभावांचे मोठे स्थान. त्यांच्या मठांतून जुन्या पोथ्या शतकानुशतके नकलून ठेवलेल्या. नक्कल करणारा माणूस आहे. कुठे तरी एखादा शब्द गाळतो, एखादी ओळ दोनदा लिहितो. मग त्या पोथीवरून ज्या ज्या नकला होतात त्या सर्वांत तीच चूक उतरते. दहा पोथ्या समोर ठेवून संशोधक चुका जुळवत बसतो आणि सांगतो, या चार एका मायपोथीच्या, या सहा दुसरीच्या. डीएनए ही अशीच चार अक्षरांत लिहिलेली पोथी. प्रत्येक पिढीत तिची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. दोन झाडांतली सारखी बदललेली अक्षरे त्यांचे नाते सांगतात, आणि निराळी किती झाली यावरून ती कधी वेगळी झाली याचा अदमास येतो. पानातल्या हरितलवकाची तर स्वतंत्र छोटी पोथीच असते, आणि कपाशीत ती आईकडूनच लेकराकडे जाते. पराग कितीही दुरून आलेला असो, या पोथीत बापाचे एक अक्षर नसते.

१९८९ साली अमेरिकेतल्या आयोवा येथील जोनाथन वेंडेल यांनी अमेरिकन कापसाची ही मातृपोथी तपासली. ती जुन्या जगातल्या कापसाची निघाली! अमेरिकन कापसाची आई समुद्रापलीकडून आलेली, बाप तिथला. आणि काळ? हा संगम दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा होडी वल्हवणारा माणूस या पृथ्वीवर जन्मालाच आला नव्हता. सरकीच समुद्रात पडून वाहत गेली असली पाहिजे. खाऱ्या पाण्यात कपाशीचे बी किती तग धरते याचे प्रयोग त्या तिघांतल्या स्टीफन्सनेच पुढे केले, आणि रानटी जातींच्या बिया कित्येक महिने खाऱ्या पाण्यात राहूनही उगवतात असे आढळले. स्वतःच्या ग्रंथातला तर्क स्वतःच तपासावयाला घेणारा हा माणूस मला फार आवडतो.

बापाची पोथी २०१२ साली पुरी वाचली गेली. पेरू देशातली गॉसिपियम रायमोंडी ही रानटी कपाशी आज त्या बापाच्या सर्वांत जवळची मानतात. आपल्या आर्बोरियमची पोथी २०१४ साली चिनी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने वाचून झाली. ती रायमोंडीच्या जवळजवळ दुप्पट लांब भरली. गुणसूत्रे मोठी दिसत होती ती उगीच नव्हे. आणि या साऱ्यात मला सर्वांत अजब वाटलेली गोष्ट १९९८ साली उजेडात आली होती. अमेरिकन कापसाचा धागा लांब आणि चिवट करणाऱ्या जागा पोथीत कुठे आहेत हे शोधले, तेव्हा त्यांतल्या कित्येक बापाच्या बाजूला सापडल्या. ज्याच्या सरकीला कापूस नाही, त्याच्या बाजूला! आईने धागा दिला, आणि बिनधाग्याच्या बापाने तो लांबवला. नुसत्या आईच्या वंशाला जे साधले नाही ते दोघांच्या लेकराला साधले.

मग आपली पऱ्हाटी त्या आईची कोण? पूर्वी समजत असत की हर्बेशियम ही थोरली, आणि माणसाने ती पेरता पेरता तिच्यातून आर्बोरियम निघाली. २०१६ साली आणि पुन्हा २०२० साली दोघींच्या पोथ्या ताडून पाहिल्या तेव्हा तसे नाही असे दिसले. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. एकाच, आता नष्ट झालेल्या पूर्वजापासून निघालेल्या, आणि माणसाच्या कितीतरी आधी, लाखो वर्षांपूर्वी, वेगळ्या झालेल्या. माणसाने दोघींना निरनिराळे माणसाळवले. अमेरिकेला वाहत गेलेली ती आई याच नष्ट झालेल्या घरातली. म्हणजे नाते लावावयाचे तर इलायती पऱ्हाटी ही आपल्या पऱ्हाटीची मावसबहीण. इथे एक सावधगिरी हवी. समुद्रात पडलेली ती सरकी वऱ्हाडातली नव्हती, हिंदुस्थानातलीही म्हणता येत नाही. त्या वेळी ना वऱ्हाड होते ना हिंदुस्थान. नात्याचा अभिमान धरावा, मालकीचा धरू नये.

आर्बोरियमच्या घरी मात्र एक जागा रिकामी आहे. हर्बेशियमची रानटी बहीण आफ्रिकेच्या दक्षिणेला अजून रानात उगवते. आर्बोरियमचे रानातले मूळ रूप कुठेच सापडलेले नाही. ती माणसाच्या हाती कुठे लागली हे पुराणवस्तूंवरूनच ताडावे लागते. बलुचिस्तानातल्या मेहरगढला, इसवीसनापूर्वी सहाव्या सहस्रकातल्या एका दफनात, तांब्याच्या मण्यात कापसाचा धागा मिळाला. तांब्याच्या गंजाने तो जपला होता. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा निघाला, तो तपासला आपल्या मुंबईच्या माटुंग्यातल्या कापूस प्रयोगशाळेत. गुलाटी आणि टर्नर यांनी १९२८ च्या सुमारास तो सूक्ष्मदर्शकाखाली धरून सांगितले की हा धागा आर्बोरियमच्या जवळचा आहे. त्यांच्याजवळ डीएनए नव्हता, केवळ धाग्याची रुंदी आणि पीळ होता. आज त्याहून पुढे जाता येते. ईजिप्तच्या दक्षिणेला कस्र इब्रिम येथे सापडलेल्या, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या कापसातून २०१२ साली डीएनए काढून वाचला, आणि तो हर्बेशियम ठरला. तो कापूस हिंदुस्थानातून गेला की आफ्रिकेतलाच, हा विद्वानांचा वाद असा एका जुन्या सरकीने निकालात काढला.

आता पुन्हा आपल्या वावरात येऊ. इलायती पऱ्हाटी इकडे आणण्याची खटपट कंपनी सरकारपासूनची. १८४० साली त्यांनी अमेरिकेतून दहा मळेवाले बोलावून आणले. बहुतेक ठिकाणी फजिती झाली, धारवाडकडे तेवढे बीज रुजले. विसाव्या शतकाच्या आरंभी 'बुरी' नावाची अमेरिकन जात आमच्याकडे आली. तरी १९४७ साली देशातल्या बहुतेक साऱ्या कपाशीच्या रानात देशीच होती. फाळणीत सिंध आणि पश्चिम पंजाबची लांब धाग्याची जमीन गेली, गिरण्या अडल्या, आणि सरकारने अमेरिकन कापसाचा जोर धरला. १९७० साली सुरतेहून सी. टी. पटेलांचा 'एच-४' हा संकरित कापूस आला; २००२ साली बीटीला परवानगी मिळाली. देशी पऱ्हाटी गादीपुरती, औषधी कापसापुरती आणि वातीपुरती उरली. शेतकऱ्याने काही वेडेपणा केला नाही. लांब धाग्याला भाव होता, पहिली काही वर्षे बोंडअळी खरोखर हटली होती. मग गुलाबी अळी पुन्हा आली, फवारे वाढले, दर साली पिशवी विकत घेणे आले, आणि २०१७ साली आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसे दगावली. देशी पऱ्हाटी तुडतुड्यांना पुष्कळशी दाद देत नाही, तिचे मूळ खोल जाते, पाऊस लांबला तरी ती तग धरते. हे गुण पोथीत लिहिलेले आहेत. पण पोथी वाचण्यासाठी झाड जिवंत पाहिजे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'एकेए-७', 'एकेए-८' असे देशी वाण काढले आहेत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. बनी मात्र मला अजून कोणाच्या वावरात भेटलेली नाही.

यंदा अक्षयतृतीयेला मी पुन्हा त्या गावी गेलो आणि आजोबांना हे सारे सांगितले. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले, झोपले. मग म्हणाले, "म्हंजे माय आपल्याच घरची?"

"आपल्या घरची म्हणजे, तुमच्या धुऱ्यावरचीची मावशी म्हणा."

"आन् बाप?"

"बाप तिकडचा, पेरू देशातला. रानटी. त्याच्या सरकीला कापूसच नाही."

आजोबा खो खो हसले. आतून सुनबाईंनी चहा आणला तेव्हाही हसतच होते. "ऐकलं काय वो सूनबाई, सोयरीक केली अन् जावायाच्या घरी कापूसच नाई!"

निघताना त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली मूठभर सरकी माझ्या हाती दिली. धुऱ्यावरच्या झाडांची होती. "शाळेत लावजा मास्तर. वातीपुरती होईन."

पहिल्या पावसाला ती शाळेच्या कुंपणाशी मुलांकडून टोचून घेतली. एकवीस बिया होत्या. अकरा उगवल्या, चार बकरीने खाल्ल्या. उरलेल्या सातांना बोंडे धरली आहेत, खाली मान घालून आहेत, आणि अजून एकही फुटलेले नाही.